सातव्या दगडाची वॉरंटी

"गाडीला तहान लागते" हे वाक्य मी सोलापूरच्या शोरूमच्या छापील फॉर्मवर तीन प्रतींत लिहून दिलं होतं. तिन्ही प्रती त्यांनी परत पाठवल्या. त्यांच्या दोषांच्या यादीत तहान हा दोष नव्हता. आवाज होता, धूर होता, धक्के होते, गळती होती. मी गळतीवर खूण करावी असं त्यांचं म्हणणं होतं. पण गाडी गळत नव्हती. थेंबभरही गळत नव्हती. तीच तर माझी तक्रार होती.

मी मच्छिंद्र कोंडिबा ओव्हाळ, एका सहकारी बँकेच्या बेंबळी शाखेचा शाखाधिकारी. राहायला धाराशिवला. पंच्याऐंशीच्या डिसेंबरात माझा नंबर लागला आणि पांढरी, चिमुकली, नवी कोरी मोटार दारात आली. आमच्या वस्तीतली ती पहिलीच. गल्लीतली पोरंटोरं सोडा, टपालवालाही तिच्यावरून हात फिरवून मग पत्र द्यायचा. पेट्रोल परवडत नसल्यामुळं सोमवार ते शुक्रवार मी एसटीनं बेंबळीला जायचो आणि शनिवारी मोटारीनं. शनिवारी बँक अर्धा दिवस. बाराला शटर ओढायचं, ऐटीत चावी फिरवायची आणि एकच्या आत घरी जेवायला हजर व्हायचं, असा बेत होता.

अकरा जानेवारीला, म्हणजे दुसऱ्या की तिसऱ्या शनिवारी, परतताना धाराशिव सात किलोमीटर राहिलं तिथं गाडी थांबली. आचके नाहीत, फुरफुर नाही. माणूस बोलता बोलता गप्प व्हावा तशी ती गप्प झाली आणि उतारावर चार हात घरंगळून बरोबर सातच्या दगडाला टेकली. काटा लाल रेघेच्या वर. मी बॉनेट उघडलं, हात भाजू नये म्हणून रेडिएटरच्या झाकणावर रुमाल धरला आणि जपून फिरवलं. वाफ आली नाही. आत कोरडं ठाक होतं. सकाळी मी स्वतः काठोकाठ भरलेलं.

घड्याळात साडेबारा झाले होते. माळावर झाड नाही, पाखरू नाही, वाऱ्याचा पत्ता नाही. मोटार बंद पडल्यावर सायकलवाला, मेंढक्या, कुणीतरी चौकशीला टपकतंच. महाराष्ट्रात मोटार एकटी बंद पडूच शकत नाही. इथं अर्धा तास कुणी आलं नाही. मग एसटी आली. तिच्या ड्रायव्हरनं आपल्या पिशवीतलं पाणी दिलं, गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि मी घरी पोचलो. झाकण लावताना एक गोष्ट लक्षात आली होती, ती मी बायकोला सांगितली नाही. रुमाल बाजूला पडला होता आणि झाकण माझ्या उघड्या हातात होतं. ते माठावरच्या झाकणासारखं गार होतं.

पुढच्या शनिवारी पुन्हा साडेबारा, पुन्हा सातवा दगड. त्याच्या पुढच्या शनिवारीही. रविवारी तुळजापूरला जाऊन आलो, काही नाही. रजा काढून मंगळवारी मुद्दाम त्याच रस्त्यानं साडेबाराला गेलो, काही नाही. गाडीला फक्त शनिवारचं वावडं होतं.

आता शनिवार म्हटल्यावर गल्ली गप्प बसणं शक्यच नव्हतं. समोरचे शरणबसप्पा, किराणा दुकानदार, मूळचे अक्कलकोटकडचे, संध्याकाळी तराजू सोडून आले.

"अय्यो साहेब, शनिवार, बाराची वेळ, तीन रस्त्याचा माळ. ह्यात इंजिनाचं काय चुकलं सांगा की. शनीला तेल घाला."

"गाडीत तेल बरोबर आहे," मी म्हणालो.

"गाडीत न्हाय हो, देवळात."

मी त्यांच्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी कर्ज नाकारताना वापरतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या बापाचा मी मुलगा. त्याच एप्रिलात जयंतीच्या व्यासपीठावर 'अंधश्रद्धा आणि आपण' या विषयावर माझं भाषण ठरलेलं. पत्रिका छापून झालेल्या. आणि हा गृहस्थ मला तेल घालायला सांगत होता! शरणबसप्पांचा जीव मात्र माझ्यावर खरा. पुढच्या शनिवारी सातव्या दगडापाशी गाडीखाली वाकून बघतो, तर मागच्या बंपरला आतून लिंबू-मिरची बांधलेली. मी ती सोडून खिशात टाकली, कारण तिथं टाकली तर लोक म्हणणार साहेबांनीच टाकली. घरी प्रेमानं, म्हणजे माझ्या बायकोनं, ती चिरून ताटात वाढली. लिंबं तेव्हा महाग होती.

शेजारचे हिंमतराव तहसिलातून निवृत्त झालेले. त्यांचा भुताखेतांपेक्षा अर्जावर विश्वास. "ओव्हाळसाहेब, अर्जाशिवाय भूतसुद्धा जागचं हलत नाही," ते म्हणाले. "वॉरंटी किती दिवसांची?"

"सहा महिने. तेवीस जूनपर्यंत."

"मग रोज एक पत्र टाका. रजिस्टर्ड. विषय, संदर्भ, महोदय. कंपनी नमली पाहिजे."

हा सल्ला मला मानवला. खरं सांगायचं तर मला नवं इंजिन नको होतं, काही नको होतं. मला एवढंच लेखी हवं होतं, की दोष इंजिनात आहे. शिक्क्यासह. ते का हवं होतं, हे तेव्हा मी स्वतःलाही नीट सांगत नव्हतो.

सोलापूरच्या शोरूमचे मॅनेजर टाय बांधायचे आणि बोलताना टाय चाचपायचे. त्यांनी गाडी दोन दिवस ठेवून घेतली. तिसऱ्या दिवशी कार्डावर शेरा मिळाला: 'दोष आढळला नाही. गाडी धुतली.' धाराशिवात नळाला आठव्या दिवशी पाणी येत होतं आणि यांनी गाडी धुतली होती! मी चमकत्या गाडीतून गल्लीत शिरलो तेव्हा रिकाम्या घागरी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायांनी माझ्याकडं जसं पाहिलं, ते मी विसरणार नाही.

दुसऱ्या खेपेला त्यांनी झाकण बदललं. तिसऱ्या खेपेला पूर्ण रेडिएटर बदलला. शनिवारी साडेबाराला नवा रेडिएटरही कोरडा. चौथ्या खेपेला मॅनेजर फॉर्म पुढं सरकवत म्हणाले, "रकाना अकरा तुम्ही नीट भरत नाही."

रकाना अकरा म्हणजे 'दोष प्रथम केव्हा निदर्शनास आला'. मी लिहिलं होतं, ११ जानेवारी १९८६.

"वेळ लिहा. स्थळ लिहा."

मी वेळ लिहिली, स्थळ लिहिलं. पंधरा दिवसांनी फॉर्म परत. पेन्सिलीनं शेरा: 'रकाना ११ समाधानकारक नाही.' कंपनीतल्या कुठल्या माणसाचं त्यानं समाधान झालं नव्हतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण पुढं मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटू लागला.

तोवर मी पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन गाडीत ठेवायला लागलो होतो. दर शनिवारी दगडाला टेकायचं, कॅन ओतायचा, निघायचं. पाच लिटर पाणी ही त्या उन्हाळ्यात साधी गोष्ट नव्हती. नळावर एक दिवस भिमाबाई, प्रेमाची लांबची मावशी, सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोललीच.

"माणसाला प्यायाला न्हाय, आन् जावयाची मोटार आठवड्याला पाच लिटर पिती. तीबी कुठं पिती, तर माळावर, उपाशी भूत पिल्यावानी."

प्रेमानं मला ते जसंच्या तसं सांगितलं. ती मास्तरांची मुलगी आहे, पाठांतर पक्कं.

जयंतीचं भाषण मी केलं. टाळ्या पडल्या. "जिथं कारण सापडत नाही तिथं माणूस भूत ठेवतो," हे वाक्य मी विशेष जोरात म्हटलं. खाली उतरलो तर शरणबसप्पा पहिल्या रांगेत, डोळ्यांत कौतुक. हळूच म्हणाले, "लई भारी बोललात. उद्या-परवा गाडी तिथनं नेताना मात्र मनात काय तरी म्हणत जावा."

मे महिन्यात कंपनीनं नियम कळवला. दोष कंपनीच्या माणसानं प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिला पाहिजे. त्याशिवाय इंजिन बदलण्याची शिफारस होत नाही. मी म्हटलं, पाठवा माणूस. दहा मेच्या शनिवारी शोरूमचे मुख्य मिस्त्री लिंबाजी बेंबळीला उतरले. पन्नाशीचा, काटकुळा, मितभाषी माणूस; त्यांनी पंचवीस वर्षं नुसत्या इंजिनांशी गप्पा मारलेल्या. त्यांनी स्वतः रेडिएटर भरला, झाकणावर दोरा बांधून त्याला लाख लावून सील केलं, अंगठा उमटवला आणि म्हणाले, "आता भूत असलं तर सील तोडावं लागंल त्याला."

मला इतका धीर आला की मी त्यांना भजी खाऊ घातली.

बारा वाजून पाच मिनिटांनी निघालो. लिंबाजी बॉनेटकडं कान लावून बसलेले. "घड्याळासारखं चाललंय," ते दोनदा म्हणाले. साडेबाराला सातवा दगड दिसला आणि गाडी गप्प झाली. नेहमीसारखी घरंगळली आणि टेकली.

सील शाबूत होतं. अंगठा जसाच्या तसा. लिंबाजींनी लाख फोडून झाकण उघडलं, आत बोट घातलं आणि बाहेर काढून बघत राहिले. बोट कोरडं होतं. मग ते अंगाखाली पोतं टाकून गाडीखाली सरकले. त्यांचे पाय तेवढे बाहेर. मी दगडापाशी उभा. ऊन असं होतं की सावली पायाखालून बाहेर यायला तयार नव्हती. मी मनातल्या मनात शिफारशीचा मसुदा तयार करत होतो.

पाच मिनिटांनी गाडीखालून आवाज आला. "साहेब, इथं खडी फोडायचं काम चालूय का कुठं?"

"नाही."

"जवळच हाय. हातोड्याचा आवाज येतोय. एकच माणूस फोडतंय. दमून दमून."

मी चारी बाजूंनी पाहिलं. क्षितिजापर्यंत माळ मोकळा होता आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. "तेरा वर्षांपूर्वी होतं काम," मी म्हणालो. "दुष्काळातलं. हा रस्ताच त्या कामातून झालाय."

लिंबाजी बाहेर आले. पोतं झटकलं, घडी घातली. कॅनमधलं पाणी त्यांनीच ओतलं. मी त्यांना सोलापूरच्या एसटीपर्यंत सोडलं. चढताना कार्ड माझ्या हातात दिलं. सोनेरी अक्षरांत कोरून ठेवावा असा शेरा होता: 'गाडीत दोष नाही. दोष जागेत आहे. जागा वॉरंटीत येत नाही.'

घरी मी कार्ड ताटाशेजारी ठेवलं. प्रेमानं कार्ड वाचलं. ती आत गेली, बाहेर आली, पुन्हा वाचलं. मग समोर बसून सरळ विचारलं, "तिथं काय केलंत तुम्ही?"

बायका फॉर्म भरून घेत नाहीत. एकच रकाना असतो त्यांचा.

मग मी सांगितलं. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी वीस वर्षांचा होतो, मॅट्रिक पास, आणि त्या कामावर हजेरी कारकून. आमच्या समाजातला पहिला. मला खुर्ची होती, शिट्टी होती, काळी छत्री होती. आमच्याच समाजाच्या, गावोगावहून आलेल्या चौदा बायांची टोळी सातव्या दगडाच्या ढिगावर खडी फोडायची. माझ्या खुर्चीशेजारीच पाण्याचं टिपाड. शनिवारी टँकर येत नसे, म्हणून शुक्रवारचंच पाणी पुरवायचं. आणि त्या टिपाडाला हात लावायचा तो फक्त श्रीपती पाणक्यानं. आमच्या बायांना तो वरून ओंजळीत घालायचा. मुकादमानं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "कारकून, वही तुझी, टिपाड आमचं." मी हात लावला असता तर बाकीच्या टोळ्यांनी त्या पाण्याला शिवायचं सोडलं असतं, बोंब झाली असती आणि माझी खुर्ची गेली असती.

अठ्ठावीस एप्रिल. साडेबारा. श्रीपती कुठं तरी गेला होता. पुतळाबाई उठून माझ्याकडं आली. कामावर ती मला नावानंच हाक मारायची. म्हणाली, "मच्छिंद्र, दोन ओंजळी घाल की रं." झाकणावर पाणी काढायचं ओगराळं होतं. माझ्या हाताच्या अंतरावर.

"मग?" प्रेमा म्हणाली.

"मी म्हटलं, श्रीपती येऊ दे. नियम आहे."

पुतळाबाई मागं फिरली. ढिगावर जाऊन बसली, हातोडा तीन-चारदा उचलला आणि आडवी झाली. तिला बैलगाडीत घालून नेलं. मी वहीत तिच्या नावापुढं फुली मारली. पुन्हा ती कधी दिसली नाही, मी विचारलंही नाही. विचारलं तर कळलं असतं.

मी भाषणांत एवढं बोलतो, पण हे बोलताना मला खोल खड्ड्यातून बोलल्यासारखं वाटत होतं. मला लाज वाटत होती. तेरा वर्षं वाटत होती. फक्त ती दर शनिवारी साडेबाराला वाजायची सोय नव्हती, ती आता झाली होती.

"आणि तुम्ही सोलापूरला कशाला हिंडताय?" प्रेमा म्हणाली. "कंपनीनं काय लिहून द्यायचं तुम्हाला?"

तिनं भिमाबाईकडं चौकशी केली. भिमाबाईला आसपासच्या चाळीस गावांतल्या बाया ठाऊक. संध्याकाळी ती स्वतः दारात आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पुतळाबाई? ती मेली कवा? अणदूरला लेकीकडं हाय की. नातवाच्या लग्नात नाचली मागल्या साली."

त्या क्षणी मला जो आनंद झाला त्याचं वर्णन करताना आजही मान खाली जाते. पुतळाबाई जगली याचा आनंद होताच. पण त्याच्या पुढं धावत आलेला विचार असा होता, की पुतळाबाई जिवंत, म्हणजे माळावर कुणी नाही; माळावर कुणी नाही, म्हणजे दोष इंजिनातच! मी तिथल्या तिथं हिंमतरावांना हाक मारून नवा अर्ज तयार करायला सांगितला.

"अणदूरला आधी जाऊन या," प्रेमा म्हणाली.

"जाणारच. तिच्याकडून लिहून आणतो. अंगठ्यासह." मी खरंच कोरा कागद आणि शाईचा डबा बरोबर घेतला होता. शाखाधिकाऱ्याला जिवंत माणूस पुरत नाही, हयातीचा दाखला लागतो.

पंधरा जूनच्या रविवारी आम्ही अणदूरला गेलो. अजून पावसाचा टिपूस नव्हता. मोटार सुतासारखी सरळ गेली. खंडोबाच्या देवळामागं दोन खोल्यांचं घर. पुतळाबाई उंबऱ्यात बसली होती, वाळून खारकेएवढी झालेली, एका डोळ्यात मोतीबिंदू. आम्ही कोण, कुठले, हे विचारायच्या आधी ती भिंत धरून उठली, आत गेली आणि तांब्या घेऊन आली. वर गुळाचा खडा.

"आधी पाणी घ्या. उनातनं आलाव."

अंगणात एकच घागर होती आणि तीही अर्धी. मी तांब्या हातात धरून उभा राहिलो. प्रेमा माझ्याकडं बघत होती. मी प्यालो.

मग मी सांगितलं. सातवा दगड, टिपाड, श्रीपती, ओगराळं, सगळं. "मावशी, मी तुम्हाला पाणी दिलं नाही. मी चुकलो," असं अगदी सरळ म्हणालो. आयुष्यात एवढं सरळ वाक्य मी क्वचित बोललो असेन.

पुतळाबाईनं चांगला डोळा माझ्याकडं वळवला. "त्या साली पाण्याला न्हाय म्हननारे लई व्हते, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही त्यातले कोनते?"

मी गडबडलो. "हजेरी कारकून. मच्छिंद्र. कोंडिबाचा."

"हां हां. छत्रीवाला." तिला हसू आलं. "मला चक्कर आली व्हती नुसती. दोन दिस पडले, तिसऱ्या दिशी भूमकडच्या कामावर गेले. तितं खडी बारीक व्हती, बरं व्हतं."

तेरा वर्षं मी जिला उराशी धरून बसलो होतो, तिच्या हिशेबी मी एक छत्री होतो. माझा थोडासा अपमान झाला, हे कबूल करतो. मी घाईनं कागद काढला. "म्हणजे तुमची काही तक्रार नाही?"

"माझी कशाची आता?" ती म्हणाली. मग गूळ माझ्याकडं सरकवत सहज बोलावं तसं बोलली. "पर म्या एकलीच आले व्हते का तुमच्याकडं? मला गाडीत घातल्यावर मागनं आनिक दोघी-तिघी आल्या व्हत्या की मागायला. त्यास्नीबी तुमी न्हाईच म्हटलं. त्यातली एक त्याच हप्त्यात वारली, म्हनं. माझं ध्यान नव्हतं, म्या पडलेले. मागनं कानावर आलं."

मला ते आठवत नव्हतं. शपथेवर सांगतो, काही म्हणजे काही आठवत नव्हतं. मला पुतळाबाई आठवत होती, कारण ती पडली. "कोण कोण?" मी विचारलं. "नावं काय त्यांची?"

"नावं?" पुतळाबाईला माझं नवल वाटलं. "वही तुमच्याकडं व्हती की."

कागद कोराच परत आला. निघताना प्रेमानं गाडीतला पाच लिटरचा कॅन काढून त्या अर्ध्या घागरीशेजारी ठेवला.

एकवीस जून हा मुदतीतला शेवटचा शनिवार. हिंमतराव म्हणाले, आज गाडी काढूच नका. शरणबसप्पा म्हणाले, काढा, पण माझ्या मेव्हण्याला पुढं बसवा, तो हनुमानाचा आहे. मी एकटा गेलो. नवा कॅन भरून घेतला. बाराला शटर ओढलं.

साडेबाराला गाडी गप्प झाली, घरंगळली आणि दगडाला टेकली. मी बॉनेट उघडलं नाही. तसाच बसून राहिलो. काचा खाली होत्या. आणि मला पहिल्यांदा ऐकू आलं.

ठक. मग बराच वेळ काही नाही. ठक. दगड फुटत नव्हता, नुसता हातोडा उचलून टाकल्यासारखा आवाज. उजवीकडून, जिथं तेव्हा ढीग होता तिथून. तिथं आता गवताची वाळकी काडीसुद्धा नव्हती. पळून जावं असं फार वाटलं. पण पळायला जी गाडी लागते ती थांबलेली होती.

मग मला जे येतं तेवढंच मी केलं. खाली उतरलो, दगडापाशी उभा राहिलो आणि हजेरी घ्यायला लागलो. मोठ्यानं. पुतळाबाई. सरुबाई. सारजाबाई. लक्ष्मीबाई. प्रत्येक नावानंतर थांबत होतो, जसा तेव्हा थांबायचो. सिताबाई. इरम्मा. एकेक चेहरा घामातून वर यायचा आणि नाव सापडायचं. अकरा नावं झाली. बारावं येईना. मी पुन्हा पहिल्यापासून घेतली, पुन्हा अकराच. टोळीत बाया चौदा होत्या.

ठक, असा आवाज झाला. वाट पाहत असल्यासारखा.

मी कॅन काढला. रेडिएटरचं झाकण तसंच राहू दिलं आणि ढिगाच्या जागेवर, वरून नाही, खाली बसून, हळूहळू पाच लिटर पाणी जमिनीवर ओतलं. एका थेंबाचाही ओघळ झाला नाही. जमिनीनं ते ओतता ओतता घेतलं. मग आवाज थांबला. पाणी प्यायला माणूस जेवढा थांबतो तेवढा वेळ थांबला आणि नंतर आलाच नाही. गाडीत कोरडा रेडिएटर घेऊन मी चावी फिरवली. गाडी घरापर्यंत गेली. कशी गेली ते लिंबाजींना विचारावं, असं पत्र मी लिहून फाडून टाकलं.

सोमवारी तेवीस जून. मुदतीचा शेवटचा दिवस. फॉर्म सकाळच्या टपालात टाकायचा होता. हिंमतरावांनी सोळा रकाने सुवाच्य अक्षरांत भरून दिले होते. रकाना अकरा त्यांनी माझ्यासाठी मोकळा सोडला होता. दोष प्रथम केव्हा निदर्शनास आला. मी पेन घेतलं आणि लिहिलं: २८ एप्रिल १९७३, शनिवार, दुपारी साडेबारा, सातवा दगड.

या खेपेला फॉर्म परत आला नाही. दोन आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं, टंकलिखित, शिक्क्यासह. 'आपण नमूद केलेला दोष वाहनाच्या निर्मितीपूर्वीचा असल्याचे आपल्याच लेखी कबुलीवरून दिसते. सबब तो वॉरंटीत बसत नाही. रकाना ११ समाधानकारक आहे.'

हिंमतरावांनी कपाळाला हात लावला. शरणबसप्पांनी विचारलं, मग आता शनिवारचं कसं? प्रेमानं पत्र घडी करून कपाटात ठेवलं.

शनिवारी मी अजून त्याच रस्त्यानं येतो. गाडी थांबत नाही, मी थांबतो. गेल्या महिन्यात एसटीत समोर बसलेल्या बाईच्या नाकातली चमकी बघून बारावं नाव आठवलं: लक्ष्मम्मा. पुढच्या शनिवारी ते घेतलं. अजून दोन राहिलीत. आठव्या दिवशी नळाला पाणी येतं, तेव्हा प्रेमा घागरींच्या आधी कॅन भरते.